माझ्याविरुद्धचा अर्ज

मला भाड्याच्या घरातून बाहेर काढावं, असा अर्ज एकदा अमरावतीच्या कचेरीत दाखल झाला होता. अर्ज मुद्देसूद होता, भाषा शुद्ध होती आणि अक्षर तर फारच सुरेख. आपल्याच तोंडाने आपली तारीफ करू नये हे मला कळतं, पण इलाज नाही. तो अर्ज मीच लिहिला होता.

त्याचं असं झालं. एका सकाळी आमचे घरमालक मेथीची जुडी घेऊन आले, उंबऱ्याशी बसले आणि म्हणाले, "मास्तर, तुमचं अक्षर लय चांगलं हाये म्हन्ते लोक."

"बरं असतं," मी म्हणालो. अक्षराची स्तुती झाली की कुठलाही मास्तर पाघळतो.

"मले एक अर्ज लिहून द्या ना."

"देतो की. कसला?"

"तुमाले काढाचा."

माझी बायको चहा घेऊन येत होती, ती दारातच थबकली. मी विचारलं, "मला काढायचा? कुठून?"

"अथून." त्यांनी अंगठ्याने आमची भिंत दाखवली. "घाबरू नका. आधी चहा घेऊ."

आणि त्यांनी बशीत ओतून, फुंकर मारून, निवांतपणे चहा घेतला. मीसुद्धा घेतला. त्या दिवशीचा चहा गोड होता की कडू, ते मात्र मला आजही सांगता येणार नाही.

तो काळ कंट्रोलचा होता. युद्ध संपलं होतं, पण कंट्रोल संपला नव्हता. साखरेवर कंट्रोल, कापडावर कंट्रोल, रॉकेलवर कंट्रोल, आणि घरांवरही कंट्रोल. भाडेकरूला नुसती 'निघा' म्हणून नोटीस द्यायची तरी मालकाला आधी कंट्रोलरसाहेबांची परवानगी लागे. त्यासाठी अर्ज, मग भाडेकरूचा जबाब, मग तारीख, मग दोघांची सुनावणी. अमरावतीत तेव्हा घर मिळणं इतकं कठीण होतं, की आमच्या शाळेतले एक ड्रॉइंग मास्तर सहा महिने शाळेच्या नकाशांच्या खोलीत राहत होते. माझ्या बायकोला सातवा महिना होता. तिला आई नाही, त्यामुळे बाळंतपणाला जायला माहेर नाही. त्या दोन खोल्या गेल्या तर आमच्यापुढे अकोल्याला माझ्या थोरल्या भावाच्या दारात जाऊन उभं राहणं एवढंच होतं, आणि त्या दारात आधीच नऊ माणसं उभी होती.

तरीही मी अर्ज लिहून द्यायला कबूल झालो. का, ते सांगायचं तर मालक कसे होते ते सांगावं लागेल.

मालक जातीने माळी. वलगावच्या रस्त्याला त्यांची भाजीची वाडी होती. वांगी, फुलकोबी, मेथी, सांबार म्हणजे आपली कोथिंबीर, आणि बांधाबांधाने झेंडू. वाडीच्या जोरावर त्यांनी अंबागेटच्या आत घर बांधलं. समोरच्या भागात ते, मालकीणबाई, दोन मुलगे, सुना आणि नातवंडं. मागच्या दोन खोल्यांना गल्लीकडून वेगळं दार होतं, तिथे आम्ही. माणूस बुटका, डोक्याला पांढरं पागोटं, पाय मातीने कायमचे काळे. पण लक्षात राहायचा तो उजवा अंगठा. जगातली कुठलीही वस्तू त्या अंगठ्याने दाबून पाहिल्याशिवाय त्यांना तिची खात्री पटत नसे. वांगं दाबायचे ते समजू शकतो, पण ते भिंतीही दाबत. मी नवीन खाट आणली, ती दाबली. एकदा आमचे हेडमास्तर चहाला आले होते. चांगले गुबगुबीत गृहस्थ. मालक त्यांच्या गालाकडे अशा नजरेने बघत होते, की मी मुद्दाम दोघांच्या मध्ये जाऊन बसलो.

दुसरी गोष्ट म्हणजे, खोट आधी सांगायची हा त्यांचा धर्म होता. इतवारा बाजारात सगळे भाजीवाले ढिगाच्या वर चांगला माल रचतात आणि किडकं खाली ढकलतात. मालकांच्या ढिगाच्या टोकाला किडकं वांगं बसलेलं असे. गिऱ्हाईक आलं की ते आधी तेच उचलून दाखवत. "हे पाहा, असे बी हायेत याच्यात. पाहून घ्या." नवं गिऱ्हाईक बिचकून पळे, जुनं पिशवी पसरून म्हणे, घाला तुमच्या हाताने.

आम्ही खोल्या बघायला आलो तेव्हाही हेच. "हे भित पावसायात ओली होते. जेठात इच्चू निंगते, दोन-तीन. मांगच्या गल्लीतला कुंभाराचा गधा पायटी वरडते. अन् माही बायको लय बोलते." एवढं सांगून त्यांनी आमच्याकडे पाहिलं. माझी बायको म्हणाली, हेच घर घ्या, यात आता नवं काही निघणार नाही.

धाकट्या मुलाची सोयरीक ठरवायला ते परतवाड्याला गेले, तेव्हा मुलीच्या बापापुढे म्हणाले, "पोरगं कामाचं हाये, पन सकायी उठत नाई. अन् जेवतानी खाली सांडते." मुलीचा बाप आधी हादरला आणि मग खूश झाला. लग्न झालं. सून मला एकदा म्हणाली, "मामंजींनं सांगतलं होतं तेवढंच हाये, त्याच्यावर काई नाई." सासऱ्याबद्दल सुनेने यापेक्षा मोठी गोष्ट काय बोलावी?

तर अशा माणसाने उंबऱ्याशी बसून 'तुमाले काढाचा अर्ज लिहून द्या' म्हटलं, तेव्हा मला राग यायला हवा होता. आला नाही. दुसऱ्या दिवशी आला, पण तोवर अर्धा अर्ज लिहून झाला होता.

त्याआधी ते एका वकिलाकडे जाऊन आले होते. वकिलाने सल्ला दिला, घर पडायला आलंय, दुरुस्तीला काढायचंय, असं लिहा. मालक उठूनच आले. "पाया म्या सवता उभं राहून भरला. छपराचे कवेलू एकेक करून पारखून घेतले. अन् हा कोटवाला माह्या घराले पडकं म्हन्ते!" मग वकिलाने म्हणे निरोप पाठवला, की ते राहू द्या, पण खटला संपेपर्यंत भाडेकरूला भाजी देणं तरी थांबवा, रोज मेथी नेऊन देणाऱ्या मालकाचं गाऱ्हाणं कोण ऐकणार? यावर मालकांनी वकीलच सोडला. वाडीत कुठल्याही भाजीचा पहिला तोडा निघाला, की त्यातला वानोळा घरोघर पोचता करायचा, ही त्यांच्या आजोबांपासूनची चाल. "कोबीले का माहीत, केस चालू हाये म्हून?" ते मला म्हणाले.

तेव्हा वकील गेला आणि मास्तर आला.

"कारण काय लिहू?" मी दौत पुढे ओढून विचारलं.

"लिहा, भाडेकरू लय तरास देते."

"काय त्रास देतो मी?"

ते विचारात पडले. बराच वेळ पडले. "तुमी सकायी कविता म्हन्ता," शेवटी म्हणाले.

"पोरांना शिकवायची असते, म्हणून म्हणतो."

"हो, अन् चांगली असते. ते राहू द्या." पुन्हा विचार. "मंग लिहा, घरच्या मानसासाठी जागा पाहिजे."

"कुठल्या माणसासाठी?"

"घरच्या."

मी तसंच लिहिलं. 'अर्जदारास सदर जागेची स्वतःच्या कुटुंबातील व्यक्तीकरिता निकडीची गरज आहे.' मालकांनी मला ते वाक्य चार वेळा वाचायला लावलं. 'निकडीची' हा शब्द त्यांना फार आवडला. मग त्यांनी सही केली. त्यांची सही होईपर्यंत एक वाफा निंदून होतो, असं मालकीणबाई म्हणत, आणि त्यात अतिशयोक्ती फारशी नव्हती.

तारीख लागली. आता प्रश्न आला माझ्या जबाबाचा, आणि इथून गोष्ट हाताबाहेर गेली.

मालकांचं म्हणणं पडलं, की कचेरीत दोघांनाही नीट बोलता आलं पाहिजे. ते नीट बोलले आणि मी गडबडलो, तर लोक म्हणतील मालकाने मास्तराला दाबलं. तेव्हा दोघांचीही तयारी आमच्याच खोलीत होईल. रोज दिवेलागणीला ते यायचे. हाकीम म्हणून माझ्या बायकोला ट्रंकेवर बसवलं. सातव्या महिन्याची बाई, पाठीला उशी, हातात पोळपाटावरचं लाटणं. ते टेबलावर आपटायला म्हणून मालकांनीच दिलेलं. तिला ते काम इतकं आवडलं, की दुसऱ्या दिवसापासून ती आम्हाला 'अर्जदार' आणि 'गैरअर्जदार' अशाच हाका मारू लागली. रेंट कंट्रोलच्या नियमांचं एक चोपडं मी शाळेतून मिळवलं होतं. मी ते मोठ्याने वाचत असे. मालक डोळे मिटून ऐकत आणि हाकीम स्वेटर विणत ऐकत.

"गैरअर्जदार, तुमचं म्हणणं काय?"

मी म्हणे, "माझी पत्नी गरोदर आहे. दुसरं घर मिळत नाही. आम्ही चार वर्षं इथे राहतो."

"हॅट!" मालक म्हणत. "हे कोनीबी म्हनीन. काई तरी टनक बोला ना!"

"काय बोलू?"

"थांबा." ते उठून फेऱ्या मारत. आपल्याच विरुद्ध मुद्दा शोधताना त्यांचा चेहरा असा फुलून यायचा, की बाजारात सौदा जमल्यावरही कधी येत नसे. तिसऱ्या दिवशी त्यांना तो सापडला. ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"मास्तर, तुमी असं काहून नाई म्हनत, का मालकाचं वाडीत दुसरं घर हाये? दोन खोल्याचं. रिकामं. मंग याले हे कायले पाहिजे?"

हाकीम आणि मी एकमेकांकडे बघितलं. खरंच, वाडीत त्यांनी विहिरीशेजारी दोन खोल्या बांधलेल्या होत्या. राखणदार राखणीच्या दिवसांत राही, एरवी त्या रिकाम्याच.

"मालक, पण हे मी बोललो तर तुम्ही हराल," मी म्हणालो.

"हरलो तं हरलो. पन हाये ना ते घर? मंग बोलाले पाहिजे." आणि त्यांनी ते वाक्य माझ्याकडून पाठ करून घेतलं. शाळेतल्या पोरांना मी पाढे घोकायला लावतो तसं. चुकलो की म्हणत, "पुन्ना."

मी घोकलं. मनातून खूश होऊन घोकलं, हे कबूल केलं पाहिजे. माणूस आपणहून आपल्याला वाचवायला निघालाय तर आपण कशाला अडवावं, असा हिशेबी विचार मी केला. त्या विचाराची मला अजून लाज वाटते.

चौथ्या दिवशी हाकिमाने लाटणं आपटलं आणि अर्जदाराला सरळ विचारलं, "घरचं माणूस म्हणजे कोण? नाव सांगा."

"हा सवाल नाई विचारत कचेरीत."

"पहिला हाच विचारतील."

मालकांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं. त्यांचं डोकं मी पहिल्यांदाच उघडं पाहिलं, आणि ते अगदी लहान वाटलं. "तुमाले सांगतो," ते म्हणाले. "कचेरीतल्या हाकिमाले नाई सांगत."

त्यांची मुलगी चांदूर बाजारला दिलेली होती. अकरा वर्षं झाली लग्नाला. मूल नाही. दिवाळीनंतर नवऱ्याने दुसरी बायको आणली आणि हिला म्हणाला, राहायचं तर राहा, चूल तिची. ती एक पेटी घेऊन निघून आली. महिन्याभरापासून समोरच्या घरात होती. आम्ही समजत होतो, माहेरपणाला आली असेल. माझ्या बायकोने एवढं पाहिलं होतं, की भावजया उठायच्या आत ती सगळं पाणी भरून ठेवते आणि मग दिवसभर कुणाच्या वाटेत येत नाही.

"भावजया वाईट नाईत," मालक म्हणाले. "पन ते म्हन्ते, बाबा, मी दुसऱ्याच्या चुलीपाशी लय दिवस बसली. आता मले माही चूल पाहिजे. हार करीन, इकीन, पन माही चूल. वाडीत एकटी बाई मानूस कशी ठेवू, सांगा? मंग रायते काय? ह्या दोन खोल्या."

ते अंगठा दुसऱ्या हाताच्या तळव्यात दाबत बसले.

"लग्नात माह्या घराची खोट म्या सगळी सांगतली," ते म्हणाले. "त्यायनं त्यायची नाई सांगतली. अन् म्या बी नाई इचारली. थेच चुकलं."

मग त्यांनी आमच्याकडून शब्द घेतला. कचेरीत चाळीस माणसं बसलेली असतात. तिथे पोरीचं नाव निघता कामा नये. नवऱ्याने टाकलेली, हे शब्द तिच्या नावामागे सरकारी कागदावर चढता कामा नयेत. "केस गेली तरी चालीन," ते म्हणाले. मी शब्द दिला. हाकिमानेही दिला.

ते गेल्यावर मी जबाबाची स्वच्छ प्रत करायला बसलो आणि वाडीतल्या घराचा मुद्दा गाळून टाकला. बायकोने वाचलं आणि कागद परत दिला. मालकांना भराभर वाचता येत नाही, कळणार नाही, असा माझा अंदाज होता.

तारखेच्या दिवशी मालकांनी टांगा सांगितला. दोघांना एकाच ठिकाणी जायचं तर दोन टांगे कशाला, हे त्यांचं म्हणणं. वाटेत ओळखीचा माणूस दिसला की टांगा हळू होई.

"कुठी चालले?"

"कचेरीत. केस हाये."

"कोनासंग?"

"ह्या मास्तरासंग." आणि माझ्या खांद्यावर हात. असं आम्ही तीन-चार ठिकाणी थांबलो. मी टांग्याच्या मागच्या बाजूला तोंड करून बसलो.

कंट्रोलरसाहेब नागपूरकडचे, बारीक चणीचे, सर्दीने हैराण. पुकारा झाला. आम्ही दोघे शेजारी शेजारी उभे राहिलो. साहेबांनी अर्ज वाचला, जबाब वाचला, मग दोन्ही कागद एकमेकांशेजारी ठेवून चष्मा वर केला.

"हा अर्ज कोणी लिहिला?"

"यायनं," मालक म्हणाले.

"आणि हा जबाब?"

"थो बी यायनंच. लिहून देनारा एकच चांगला मानूस हाये आमच्या गल्लीत."

मागच्या बाकांवर हशा पिकला. साहेब हसले नाहीत, पण त्यांनी रुमाल नाकाला जरा जास्त वेळ लावला. मग विचारलं, "जागा कुणासाठी पाहिजे?"

"घरच्या मानसासाठी. निकडीची."

"घरचं माणूस कोण?"

"घरचं म्हंजे घरचंच, सायेब. भाईरचं असतं तं भाईरचं म्हनलं असतं."

साहेबांनी सुस्कारा सोडला आणि माझ्याकडे वळले. "तुमचं काय म्हणणं? जबाबात तर काहीच नाही. प्रसूतीपर्यंत मुदत मागितली आहे फक्त."

"अर्जदारांची गरज खरी आहे, साहेब," मी म्हणालो. अकोल्याच्या दारातली नऊ माणसं मला दिसत होती. "मुदत मिळाली तर मी जागा सोडीन. माझं दुसरं काही म्हणणं नाही."

"बरं," म्हणून साहेबांनी टाक दौतीत बुडवला. दोन ओळींचं काम होतं. तेवढ्यात माझ्या शेजारून, कचेरीभर ऐकू जाईल अशा आवाजात,

"मास्तर, वाडीतलं घर राह्यलं!"

मी त्यांच्या सदऱ्याची बाही ओढली. ती त्यांनी सोडवून घेतली. "नाई सायेब, मास्तर घाबरले. लय पाठ करून घेतलं होतं म्या त्यायच्याकून. बोला ना मास्तर! मालकाचं वाडीत दुसरं घर हाये..."

"तुमचं दुसरं घर आहे?" साहेबांचा टाक हवेतच राहिला.

"हाये ना! दोन खोल्या. बाजूले हीर. कवेलू औंदाच फेरले."

"रिकामं?"

"एकदम रिकामं."

"मग तुमच्या घरच्या माणसाला तिथे का ठेवत नाही?"

आता त्यांना कळलं. ते बोलायला तोंड उघडून उभे राहिले आणि तसेच राहिले. एक वाक्य बोलायचं होतं, एकटी बाई आहे, एवढंच. मी ते बोलायला पुढे झालो, तर त्यांचा अंगठा माझ्या दंडात असा रुतला की मी मागे सरलो.

"कारन हाये, सायेब," ते म्हणाले. "पन अथी सांगाचं नाई."

साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते. ते म्हणाले, "सांगा. मी लिहून घेत नाही."

मालकांनी मागे वळून बाकांवरच्या माणसांकडे पाहिलं आणि मान हलवली. साहेबांनी आणखी थोडा वेळ वाट पाहिली. मग अर्ज नामंजूर केला, आणि निकाल आम्हाला मराठीत समजावून सांगितला. मास्तरकीची सवय म्हणून मी तो एका पाठकोऱ्या कागदावर उतरवून घेतला.

परतीच्या टांग्यात मालक आधी खुशीत होते. "निकाल बराबर हाये. मी हाकीम असतो तं हाच देल्ला असता. पन तुमी ऐन वख्ती गडबडले, मास्तर. बरं झालं मी होतो." मी गडबडलो नव्हतो, हे मी सांगितलं नाही. सांगून काय करणार होतो? अंबागेट दिसायला लागलं तसं त्यांनी पागोटं सारखं केलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "आता पोरीले काय सांगू?"

मी खटला जिंकला होता. माझं घर वाचलं होतं, बायकोचं बाळंतपण त्याच घरात होणार होतं. आणि मला टांग्यातून उडी मारून कुठेतरी निघून जावंसं वाटत होतं.

गल्लीतल्या दारातून आम्ही दोघे आत आलो. बाहेरच्या खोलीत एक पत्र्याची पेटी ठेवलेली होती, ती आमची नव्हती. मागच्या खोलीच्या मधोमध माझ्या बायकोचं जुनं लुगडं बांधून आडोसा केला होता. आडोशापलीकडे तीन विटांची, मातीने लिंपलेली नवी चूल. माती अजून ओली होती आणि चूल धुरत होती. धुराच्या मागे मालकांची मुलगी डोळे पुशीत बसली होती. धुराने पुसत होती की कशाने, मी पाहिलं नाही.

माझी बायको कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "अर्जदार," ती म्हणाली, "गैरअर्जदाराने पोटभाडेकरू ठेवला आहे. मालकाला न विचारता. चोपड्यात लिहिलंय, असं केलं की भाडेकरूला बाहेर काढता येतं. करा अर्ज. अक्षर चांगलं असलेला माणूस घरातच आहे."

मालक चुलीकडे बघत राहिले.

नंतर कळलं, आम्ही कचेरीत असताना बायको समोरच्या घरात गेली आणि हाताला धरून मुलीला घेऊन आली. मुलगी येत नव्हती. थोरल्या सुनेने हळूच बजावलं होतं, की मूल नसलेल्या बाईने पोटुशीच्या सावलीला जाऊ नये. माझी बायको सगळ्यांसमोर म्हणाली, "मला आई नाही. माझ्या बाळंतपणाला हीच असणार. कुणाला काही म्हणायचंय?" कुणाला नव्हतं. मला माझ्या बायकोचा आयुष्यात पुष्कळदा राग आला आहे, पण त्या दिवसाच्या नावावर मी तिला सगळं माफ करतो.

मुलीने ताट वाढलं. ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी, कांदा. "बाबा, बसा," ती म्हणाली.

मालक बसेनात. पागोटं काढलं, पुन्हा घातलं. "कसा बसू?" ते मला म्हणाले. लेकीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या चुलीवरचं खायचं नाही, ही त्यांच्याकडची रीत. अकरा वर्षं ते चांदूर बाजारला जात होते आणि लेकीच्या घरचं पाणीसुद्धा न पिता उन्हातान्हात परत येत होते. भावजयांची चूल ती माहेरची चूल, तिथे काही अडत नव्हतं. ही चूल तिची होती. तिने मागितलेली, तिने लिंपलेली.

मुलीचा हात वाढलेल्या ताटावर तसाच राहिला. चेहरा उतरला. हा नियम काही आमच्या चोपड्यात नव्हता.

मालकांनी भिंत अंगठ्याने दाबली. पुष्कळ वेळ दाबली. मग एकदम वळले.

"मास्तर, निकाल वाचा."

मी खिशातून पाठकोरा कागद काढला. 'अर्ज नामंजूर. सदर जागेचा ताबा पूर्ववत गैरअर्जदार यांचेकडेच राहील.'

"पुन्ना."

मी पुन्हा वाचलं.

"म्हंजे जागा मास्तरची?"

"हो."

"माही नाई?"

"ताबा तुमचा नाही."

"अन् पोरीची बी नाई? सरकारनं लिहून देल्लं?"

"सरकारने लिहून दिलं," मी म्हणालो. शाळेत बोलतो तसं ठणठणीत.

"मंग हे मास्तरच्या घरचं जेवन झालं," मालक म्हणाले. त्यांनी पाय धुतले, हात धुतले, आणि चुलीपुढे मांडी घालून बसले. मुलगी समोर बसून भाकरी थापत होती आणि ते मान खाली घालून जेवत होते. दोन भाकरी तिने वाढल्या. तिसरी त्यांनी मागून घेतली.